पुसलेल्या वावरांची यादी

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. जांबे.

"त्यांचाच आवाज ऐकवा त्यांना," स्पीच थेरपीच्या गौतमी मॅडम दवाखान्यात म्हणाल्या. "आधीचा, धडधाकट असतानाचा. ओळखीची नावं असतील तर फारच चांगलं. ऐकता ऐकता कधी कधी ओठ हलायला लागतात. खात्री देत नाही. पण करून बघू."

मी तोंड उघडायच्या आत कैलास — "नम्रताकडं हाय ना! दोन वर्षं आण्णांचं रेकॉर्डिंग करतीया. आख्खं माले हाय तिच्या मशीनमध्ये!" किती अभिमानानं बोलले! एरवी बायकोच्या कामाला 'ती काळी स्क्रीन' म्हणतात.

आण्णा चाकाच्या खुर्चीतून माझ्याकडे बघत होते. डोळे मिटले. आमचं आता तसं ठरलंय — डोळे मिटले की हो, मान फिरवली की नाही. तीन आठवडे झाले. दूध काढून आले, कासंडी ओट्यावर ठेवली आणि तिथेच कोसळले. उजवा हात गेला, बोलणं गेलं. कळतं मात्र सगळं. हे चांगलं की वाईट, माहीत नाही.

आण्णा नि कैलास माल्यालाच असतात; शनिवारी तिकडे जाताना घेऊन जाते म्हटलं. दोनशे तेरा फाईली आहेत. कोणत्या आधी ऐकवाव्यात? 'उंबरपाणी' घ्यावी. त्यात ते हसलेत.

५ नोव्हेंबर, बुधवार

ls /awaj

काहीच नाही. फाईलींची यादी मागितली, तर चूक नाही, तक्रार नाही, नुसती रिकामी ओळ. वाटलं, चुकून इथल्याच मशीनवर टाईप केलं. पुन्हा बघितलं — नाही, नेटवरून माल्याच्याच मशीनवर होते. पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा रिकामं.

मग इथली, जांब्याची प्रत उघडली.

तीही रिकामी.

६ नोव्हेंबर, गुरुवार

क्रमानं लिहिते. ऑफिसात असं काही झालं की अहवाल लिहितो — काय झालं, कधी, कशामुळे. त्यात कुणाचं नाव घालत नाहीत, तशी पद्धत आहे. इथे घालायला हरकत नाही. एकच नाव आहे.

माल्याच्या पडवीत माझं जुनं मशीन. त्याला वायरनं जोडलेली डिस्क. डिस्कवर आण्णांचा आवाज. कोणती डिस्क सुरू होताना कुठे जोडायची, ते /etc/fstab या फाईलमध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ माझी. जूनमध्ये माल्यात लाईट रोज जायची. परत आली की डिस्क वेळेत जागी व्हायची नाही, आणि डिस्क मिळाली नाही म्हणून मशीन अर्ध्यात थांबायचं. मग आण्णांचा फोन — "तुजं मशीन पुन्हा काळं पडलंय गं!" मी हिंजवडीत मीटिंगमध्ये. पंचाहत्तर वर्षांच्या सासऱ्यांना मी फोनवर रूटचा पासवर्ड सांगत बसायची. यस का येस? छोटा का मोठा?

कंटाळले. त्या ओळीत एक शब्द वाढवला. nofail. म्हणजे डिस्क नाही मिळाली तरी थांबू नकोस, पुढे चल.

१९ ऑगस्टला वीज कडाडली, लाईट गेली, आली. डिस्क उठलीच नाही. मशीन थांबलं नाही — मीच सांगितलं होतं ना! डिस्कची जागा तेवढी होती, रिकामी. आणि रोज पहाटे माझंच दुसरं काम चालतं. rsync, पुढे --delete. माल्यात जे आहे तेच जांब्यात असू दे. माल्यात नाही ते जांब्यातूनही काढून टाक. माल्यात त्या पहाटे काहीच नव्हतं.

यंत्रानं काही चूक केली नाही. दोन्ही वेळा सांगितलं ते ऐकलं.

सगळ्यात वाईट हे — रोज सकाळी मला मेल येत होती. 'आवाज : प्रत पूर्ण. चुका शून्य.' मी त्या मेल्स वेगळ्या फोल्डरमध्ये आपोआप जाव्यात अशी सोय केली होती. आज मोजल्या, कालपर्यंतच्या. अठ्ठ्याहत्तर.

ऑफिसात नव्या लोकांना मीच शिकवते, नुसती प्रत घेऊ नका, ती परत उघडून बघा. मी एकदाही उघडली नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सृष्टी म्हणाली, "आई, तुला बरं नाहीये का? आज घरात एकदाही सुडो लावून बोलली नाहीस." म्हणजे हुकूम सोडला नाहीस. हसले. पोरीला बारावीचा अभ्यास आहे. तिला नाही सांगितलं.

कैलासनाही नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार. माले.

आण्णांची दाढी केलेली. पांढरा सदरा, टोपी. उशांना टेकवून बसवलेलं. कैलासनी कुठूनतरी स्पीकरही आणून ठेवला होता. आज ऐकायचं म्हणून!

"आणलंस का?"

"फाईली जुन्या प्रकारच्या आहेत. बदलून घ्याव्या लागतील."

खोटं. किती सहज आलं तोंडातून! माझ्या कामाचं कुणाला कळत नाही म्हणून वाटेल ते सांगता येतं. हा फायदा मी आजवर कधी घेतला नव्हता, असं मला वाटत होतं. (खरंच नव्हता घेतला? एकदा घेतलाय. ते आज लिहिणार नाही.)

आण्णांनी डोळे मिटले. बरं, म्हणजे.

पडवीत डिस्कला कान लावला. टिक, टिक, थांबते, पुन्हा टिक. काढून पिशवीत घातली. कैलास गोठ्यात होते, बघितलं नाही.

रेकॉर्डिंग का सुरू केलं होतं मी? लग्न होऊन आले तेव्हा मला या घरात बोलायला विषयच नव्हता. संगणकाची पदवी घेतलेली सून, आणि भाताची खाचरं. मग दोन वर्षांपूर्वी एकदा सातबारा बघताना आण्णांना विचारलं, हा गट नंबर म्हणजे कुठलं शेत? म्हणाले, "नंबरानं मला काय म्हाईत? चल दावतो." गेलो. एकेका तुकड्याला नाव! पाचपायली — पाच पायली बी लागतं म्हणून. गायधोंड. लव्हाळी. तिकोनी खाचर. आमचीच नाही, साऱ्या गावाची. आता निम्म्यांना तारेचं कुंपण पडलंय, फाटकावर कुठल्यातरी व्हॅलीचं इंग्रजी नाव. ती जुनी नावं त्यांच्याशिवाय कुणाला सलग येत नव्हती. त्यांनाही कधी कुणी विचारलं नव्हतं. प्रत्येक वावराची एक फाईल, चालत गेलो त्याच क्रमानं नंबर. आणि घरी आलं की रेकॉर्डरचं कार्ड रिकामं करायचं. मी व्यवस्थित आहे ना!

१० नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसात प्रमोदला सांगितलं. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण डिस्कमधलं त्याला जास्त कळतं. कुणाचं आहे, ते नाही सांगितलं, 'घरचं' म्हटलं.

"जांब्याची प्रत कशावर होती, मॅडम?"

"एसएसडी."

"मग गेली. fstrim चालू असेल ना? दर आठवड्याला रिकामी जागा धुऊन टाकतं."

चालू होतं. मीच केलं होतं. डिस्क जास्त टिकावी म्हणून.

माल्याची डिस्क तो पुण्यात त्याच्या ओळखीच्या प्रयोगशाळेत देणार आहे. जाताना म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडून असं होईल असं वाटलं नव्हतं." वाईट हेतूनं नाही म्हणाला. पण दिवसभर तेच डोक्यात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

प्रयोगशाळेचा निरोप. आतली चकती खरवडली गेली आहे. काही मिळणार नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कैलासचा फोन. गौतमी मॅडमनी पुन्हा विचारलं म्हणे. "तवर जुनं काय सापडतंय का म्हनून माजा मोबाईल बघितला. सृष्टीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ हाय. आण्णा केक खाताना 'बास, बास' म्हन्त्यात. येवढंच हाय बघ. तुजं आन लवकर."

बास, बास.

उद्या सांगायचं. काय वाटेल ते होवो.

१५ नोव्हेंबर, शनिवार. माले.

सांगायच्या आधी एकदा लॉग, म्हणजे यंत्राची रोजची नोंद, बघावा म्हटलं — नेमका दिनांक तरी कैलासना सांगता यावा. जुने लॉग आठवड्याला बांधून ठेवले जातात, बारा आठवडे झाले की सगळ्यात जुना काढून टाकला जातो. logrotate. ही संख्याही माझीच. बारावं गाठोडं अजून होतं. उद्या पहाटे गेलं असतं.

उघडलं.

deleting 214_hirdicha_mal.wav
deleting 213_bhutachi_tal.wav
deleting 212_ranjankhal.wav

मी पडवीत खालीच बसले. पुसताना त्यानं एकेकाचं नाव लिहून ठेवलंय! मला चालू कामाचा तपशील हवा म्हणून दोन वर्षांपूर्वी -v लावलं होतं, आणि कधी वाचलं नव्हतं. आवाज गेला. पण नावं आहेत. सगळी. कुणालाही आठवली नसती अशी. आणि फक्त या यादीत. काय काय पुसलं याच्या यादीत.

मग कैलासना सांगितलं. गोठ्यात उभी राहूनच. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वैरण टाकत होते, ती टाकून झाली.

"एक पन न्हाई ऱ्हायलं?"

"नाही."

"दोन वर्षं उन्हातान्हात म्हाताऱ्याला फिरवला."

"हो."

"आनि मला आठ दिस सांगत व्हतीस, बदलून आनते."

"हो."

वैरणीची पाटी उचलून कोपऱ्यात ठेवली. मग — "मी न्हाई सांगनार त्यास्नी. तूच सांग." आणि पुढे, माझ्याकडे न बघता, "आनि हळू सांग."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांना मी किती उत्तरं तयार ठेवली होती!

संध्याकाळभर बसून यादी वहीत उतरवली, देवनागरीत. हात दुखला. दुखू दे.

१६ नोव्हेंबर, रविवार. माले.

सांगितलं आण्णांना. "तुमचा सगळा आवाज माझ्या हातून गेला." त्यांनी बघितलं, बराच वेळ. मग डावा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला आणि काढून घेतला. रागावलेत का, विचारायचं होतं. विचारलं नाही. हो म्हणायला नुसते डोळेच मिटायचे होते त्यांना.

"नावं राहिलीत. वाचू?"

डोळे मिटले. आणि या वेळी मिटलेलेच ठेवले.

वाचायला लागले. हिरडीचा माळ. भुताची ताल. रांजणखळ. धोंडखाचर. पाच-सहा नावं झाली तेव्हा लक्षात आलं — हे यंत्र शेवटून पुसत येतं. २१४ पासून खाली. म्हणजे आम्ही गेलो होतो त्याच्या उलट. सगळ्यात लांबच्या माळापासून घराकडे! आण्णांच्या ते माझ्याआधी लक्षात आलं असणार. पांघरुणाखाली त्यांचा डावा पाय हलत होता.

मी सावकाश वाचत गेले. ओढा उतरताना थांबलेसुद्धा. कैलास दारात येऊन उभे राहिले. 'पाचपायली'ला आण्णांचे ओठ हलले. आवाज नाही, पण हलले! कैलासनी बघितलं. 'उंबरपाणी'लाही.

बासष्ट — करवंदीचं टेपाड. साठ — म्हसोबाची पट्टी.

आण्णांनी हात वर केला. डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं.

"एक राहिलं का?" कैलासनी विचारलं. "मधी एकसष्ट कुटंय?"

"ती नव्हतीच यादीत," मी म्हटलं. हे खरं आहे.

आण्णांनी डोळे मिटले. मी पुढे वाचलं. शेवटचं १ — ओटा. माईक चालतो का बघायला घरच्या ओट्यावर केली होती ती फाईल. आण्णांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. घरी आले होते.

एकसष्ट पुसली गेली नाही. कारण ती तिथे नव्हतीच. ती माझ्या लॅपटॉपवर आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. जांबे.

आता लिहिलंच पाहिजे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये 'वाकडा बांध' रेकॉर्ड केलं. तिथून रस्ता दिसतो. आण्णा नाव सांगून थांबले आणि मग सांगतच गेले. प्रभावती वन्संचं. २००४ सालच्या फेब्रुवारीत वन्सं सासरहून चालत आल्या होत्या, हातात एक पिशवी, गालावर वळ. आण्णा त्याच बांधावर काम करत होते. त्यांनी लेकीला घरापर्यंत येऊच दिलं नाही. तांब्यातलं पाणी पाजलं, आणि तिथूनच परत नेऊन एसटीत बसवून दिलं. सासूबाईंना कळलं नाही, कैलासना नाही, कुणालाच नाही. त्यानंतर वन्सं या घरात कधी आल्या नाहीत. आमच्या लग्नात पाहुण्यासारख्या मांडवात जेवून गेल्या. सासूबाई गेल्या तेव्हा आल्या, त्या ओट्यावरच बसल्या, चपलासुद्धा काढल्या नाहीत. सगळं गाव म्हणालं — काय दगडाच्या काळजाची पोर! कैलास आजही म्हणतात. वन्संनी दोन वर्षांनी नवऱ्याचं घर आपणच सोडलं, कासारसाईला खानावळ काढली, तिच्यावर उभ्या राहिल्या. कधी कुणाला एका शब्दानं खुलासा केला नाही.

आणि का परत पाठवलं? तेही आण्णांनी सांगितलंय त्यात. "कैलासचं जमत आलं व्हतं. दुसऱ्याच दिशी तुज्या घरची मान्सं घर बगाय येनार व्हती. आलेली लेक घरात दिसली आस्ती तर मोडलं आस्तं."

माझ्या घरची माणसं. मला आठवतो तो दिवस! वडील परत येऊन म्हणाले होते, घर शांत आहे.

मग आण्णा रडले. आणि म्हणाले, "ह्ये पूस. ह्ये नगं ठिवू."

मी म्हटलं, "पुसलं."

पुसलं नव्हतं. mv केलं, म्हणजे हलवलं. माझ्या लॅपटॉपवर, नावाच्या आधी टिंब दिलेल्या फोल्डरात. टिंब असलं की साध्या ls मध्ये दिसत नाही. वर परवानगी ६००, म्हणजे माझ्याशिवाय कुणी उघडू शकणार नाही. वीस महिने तिथे आहे.

वन्संसाठी ठेवली, असं मी स्वतःला सांगत आले. कधीतरी त्यांची बाजू खरी ठरावी म्हणून. मग वीस महिन्यांत त्यांना एक फोन का केला नाही? कारण त्या ऐकतील तेव्हा माझ्या वडिलांचं येणंही ऐकतील. माझा संसार कुणाच्या पाठवणीवर उभा आहे, ते त्यांना माझ्या लॅपटॉपवरून कळेल. जपून ठेवली आणि लपवून ठेवली — एकाच फोल्डरात!

ठेवायचं ते घालवलं. घालवायचं ते ठेवलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गौतमी मॅडमचा फोन. कैलासनी त्यांना सगळं सांगितलेलं दिसतं. रागावल्या नाहीत. "यादी वाचत राहा, ओठ हलले ही मोठी गोष्ट आहे. पण त्यांचा स्वतःचा आवाज दोन मिनिटांचा जरी कुठे मिळाला ना —"

माझ्याकडे सहा मिनिटं चाळीस सेकंदांचा आहे. पुसायचं वचन दिलेला.

त्यातलं पहिलं अर्धं मिनिट कापून देता येईल. 'ह्यो वाकडा बांध, हितनं रस्ता दिसतो.' एवढंच. कुणालाच काही कळणार नाही! अर्धा तास तेच करत बसले होते. आवाजाच्या लाटांच्या चित्रावर कापायची जागासुद्धा सापडली.

मग बंद केलं. त्यांच्या आवाजातून मला सोयीचं तेवढं कापून त्यांनाच ऐकवायचं? परत त्यांच्याशी खोटं?

२२ नोव्हेंबर, शनिवार. माले.

कैलास चक्कीवर गेले होते. आण्णांच्या खाटेशी बसले. "एकसष्ट मी पुसली नव्हती. तुम्हाला खोटं सांगितलं. माझ्याकडे आहे."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी उठले नाही. दळण यायला वेळ होता, तशीच बसले. बाहेर कुणीतरी विचारत होतं, "हायेत का पाव्हनं?" — जमिनीचा एजंट असणार.

बऱ्याच वेळानं आण्णा वळले. "ऐकायची तुम्हाला?" मान फिरवली. नाही. "पुसू? आत्ता, तुमच्यासमोर?" मी लॅपटॉप उघडला. त्यांनी डाव्या हातानं झाकण खाली दाबलं. नाही.

मग हात हलवत राहिले. पांघरूण? पाणी? प्रत्येक वेळी नाही. शेवटी माझ्या मोबाईलवर बोट. "कैलासना फोन करू?" नाही. "गौतमी मॅडम?" नाही, चिडून.

"वन्सं?"

डोळे मिटले. इतके घट्ट, की कपाळ आवळलं.

२३ नोव्हेंबर, रविवार. माले.

फोन केला. मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी हिंदीत आणखी रोट्या मागत होतं.

"बोला वहिनी. गेले का?"

"नाही, नाही! बरे आहेत. तुम्हाला बोलावलंय."

"बोलावलंय? वाचा गेलीया म्हन्त्यात ना त्यांची?"

"बोटानं."

हसल्या. कोरडं. "येकवीस वर्सानं बोट आलं व्हय! सांगा, खानावळीला सुट्टी नसती."

"वन्सं, ते बोललेत. गेल्या वर्षी, आजारी पडायच्या आधी. वाकड्या बांधाबद्दल. माझ्याकडे रेकॉर्ड आहे." आणि थांबले असते तर जमलं असतं, पण थांबले नाही. "त्यात माझ्या घरच्यांचंही आहे. पाहायला येणार होते त्यांचं. मला मार्चपासून माहीत होतं, गेल्या वर्षीच्या. मी सांगितलं नाही."

भांड्यांचा आवाज थांबला. त्या बाहेर आल्या असाव्यात.

"मला तवाच म्हाईत व्हतं," वन्सं म्हणाल्या. "कुनासाठी परत धाडतायत ते. तुमच्या लग्नात मी जेवले ना? मग." आणि फोन ठेवला.

मांडवातला त्यांचा चेहरा आठवायचा प्रयत्न करते आहे. आठवत नाही. मी बघितलंच नव्हतं त्यांच्याकडे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. जांबे.

कैलासना फोनवर वन्संशी बोलल्याचं सांगितलं. "तिला कशाला मधी घेतीस? आई गेली तवा चपला घालून बसली व्हती ओट्यावर!"

"आण्णांनी बोलवायला सांगितलं."

"का?"

"ते त्यांचं सांगणं आहे. माझं नाही."

"मशीनवानी बोलू नगंस," म्हणाले. पण पुढे विचारलं नाही.

सांगावं का? भाऊ म्हणून त्यांचा हक्क नाही का? आहे. पण आधी जिच्याशी झालं तिचा. तिच्यानंतर. इतपत तरी माझं बरोबर असावं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

fstab मधून nofail काढला. डिस्कच नाही आता. तरी काढला.

वन्संचा काही निरोप नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार. माले.

पुन्हा यादी वाचली. आता आण्णा 'लव्हाळी'ला 'ल' म्हणतात. नुसता ल, श्वासासारखा. कैलास चुलीपाशी जाऊन उभे राहिले, पाठ करून.

बासष्ट झाल्यावर या वेळी मी एकसष्टही वाचलं. वाकडा बांध. त्यांनी हात वर केला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार. माले.

वन्सं आल्या, दुपारच्या एसटीनं. ओट्यावर बसल्या. पाणी घेतलं. "द्या." कानाला वायरी लावून ऐकलं, दोनदा. चेहऱ्यावर काही नाही. कैलास अंगणात उभे होते. त्यांना हातानं बोलावलं, वायर त्यांच्या कानाला लावली आणि तिसऱ्यांदा चालू केलं.

मग मला म्हणाल्या, "आता पूस. खरंच पूस."

मी rm लिहिलं, पुढे फाईलचं नाव. एंटर त्यांनी दाबलं.

आता माझ्याकडे आण्णांचा एकही शब्द नाही.

वन्संनी चपला काढल्या आणि आत गेल्या.